उत्पन्न १०४, खर्च ११५.५: वाढत्या घरखर्चाशी झुंजणाऱ्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंबात पाच माणसे आहेत. पती पगारी नोकरीत, पत्नी घरीच शिवणकाम करतात. सोबत पतीची आई (पुढे ‘आजी’), शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर असलेली मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. घर भाड्याचे. ओळख उघड होऊ नये आणि हिशेब कुठल्याही चलनात वाचता यावा, म्हणून सगळे आकडे ‘भागां’त दिले आहेत. अडचण सुरू होण्याआधी घरात दरमहा हाती येणारी रक्कम म्हणजे १०० भाग. त्यातले ७८ पगाराचे, २२ शिवणकामाचे.

त्या वेळचा महिना असा जात असे:

घरभाडे २४
किराणा, भाजी, दूध २७
वीज, पाणी, स्वयंपाकाचे इंधन ७
प्रवास ८
शिक्षण ११
औषधोपचार व विमा ४
फोन, इंटरनेट, करमणूक ३
दुचाकीच्या कर्जाचा हप्ता ५
कपडे व किरकोळ ६

एकूण ९५. उरलेले ५ भाग बाजूला पडत. त्यातून साठत गेलेली ७० भागांची मुदत ठेव बँकेत होती. उधळपट्टी कुठेच नव्हती. बेताचे पण नीट चाललेले घर होते.

अडचण

दीड वर्षात चित्र पालटले. पगार ७८ वरून ८२ झाला, शिवणकामाचे २२ तसेच राहिले. म्हणजे उत्पन्न १०४. खर्च मात्र असा झाला: भाडे २६.५, किराणा ३१.५, वीज-इंधन ८.५, प्रवास १०, शिक्षण १३.५, औषधोपचार ४.५, फोन-करमणूक ४, हप्ते ९, किरकोळ ६.५. शिवाय क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचे व्याज १.५. बेरीज ११५.५. दर महिन्याला ११.५ भागांचे भगदाड.

ते कार्डाने बुजवले जात होते. थकबाकी ५० भागांवर पोचली होती आणि व्याजदर महिना ३ टक्के होता. हा दर ऐकायला लहान वाटतो, पण चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांहून अधिक होतो. कुटुंब दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरत होते. ती थकबाकीच्या ५ टक्के, म्हणजे २.५ भाग. त्यातले दीड भाग व्याजात जात, मुद्दल फक्त एका भागाने घटे, आणि त्याच कार्डावर पुन्हा किराणा घेतला जाई. इथे एक बारीक अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल, तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत साधारणपणे मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. घरातला रोजचा किराणा अशा रीतीने व्याजाने येत होता.

पहिला प्रयत्न: सगळीकडे दहा टक्के कपात

पंधराव्या-सोळाव्या महिन्यात पतींनी ‘प्रत्येक खर्चात दहा टक्के कमी’ असे ठरवले. हा उपाय न्याय्य वाटतो, म्हणूनच बहुतेक घरे त्याच्यापासून सुरुवात करतात. पण आकडेमोडच त्याच्या विरुद्ध होती. भाडे, हप्ते, शिक्षण आणि व्याज मिळून ५०.५ भाग ठरावाने कमी होणारे नव्हते. उरलेल्या ६५ भागांतून दहा टक्के म्हणजे जेमतेम ६.५. सगळे काटेकोर पाळले असते तरी जवळजवळ निम्मे भगदाड उघडेच राहिले असते.

प्रत्यक्षात महिन्याला ३ भाग वाचले, आणि तेही वाईट रीतीने. हातात पैसे कमी म्हणून किराणा लहान पुड्यांत येऊ लागला. लहान पुडीत किलोचा भाव जास्त पडतो. वीजबचत म्हणजे दिवे बंद करणे, एवढेच झाले. सगळा ताण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या पत्नींवर पडला, कारण ज्या खर्चावर रोज निर्णय घेता येतो ते सगळे त्यांच्याच हातातले होते. आणि आजींनी कुणालाही न सांगता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महिन्यात चक्कर आल्यावर ते उघडकीस आले. तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून ५ भाग गेले. दोन महिन्यांत वाचलेल्या सहा भागांतला एक उरला, आणि घर जुन्या खर्चावर परतले.

घरात ‘कमी करा’ एवढेच सांगितले की ज्याला आपण घरावर ओझे आहोत असे वाटते तो माणूस आधी आपले कमी करतो. बहुधा ते म्हातारे माणूस असते, नाहीतर घर चालवणारी बाई. म्हणून कपातीच्या यादीआधी ‘याला हात लावायचा नाही’ अशी यादी करावी लागते. इथे ती झाली नव्हती.

वाढ नेमकी कुठून आली

दुसऱ्या वेळी सुरुवात हिशेबाने झाली. पहिल्या कागदावर तूट ८.५ भागच दिसली, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च सुटले होते: विम्याचा हप्ता, शाळा सुरू होतानाची खरेदी, दुचाकीची दुरुस्ती. ते वर्षाला ३६ भाग, म्हणजे महिन्याला ३ होतात. ते ज्या-त्या रकान्यात घातल्यावर खरी तूट ११.५ निघाली. एका महिन्याची नोंद ठेवून अंदाजपत्रक बांधणाऱ्या बहुतेक घरांचा हिशेब याच जागी चुकतो. मागचे बारा महिने पाहिल्याशिवाय महिन्याचा आकडा खरा निघत नाही.

मग प्रत्येक वाढीचे दोन तुकडे केले. पद्धत सोपी आहे. जुन्या खरेदीचे प्रमाण तेच धरायचे आणि त्याला दरातल्या फरकाने गुणायचे, ती भाववाढ. उरलेली वाढ प्रमाणातली किंवा नव्या गोष्टींची. जुने प्रमाण स्थिर धरून भाववाढ मोजण्याची ही रीत अर्थशास्त्रज्ञ एत्येन लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडली; आजचे बरेच महागाई निर्देशांक तिच्याच धर्तीवर चालतात. फरक एवढाच की निर्देशांकातली टोपली सरासरी घराची असते, आणि सरासरी घर कुणाचेच नसते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, शिकणारी मुले आणि वृद्ध असलेल्या कुटुंबाची महागाई जाहीर आकड्याहून वेगळी निघणारच. ती स्वतःच्या बिलांवरूनच काढावी लागते.

वीजबिलावर युनिट आणि दर दोन्ही छापलेले असतात, त्यामुळे ते काम दहा मिनिटांत झाले. किराण्यासाठी सर्वाधिक पैसे खाणाऱ्या पंचवीस वस्तू घेतल्या. जुनी प्रमाणे आणि दर फोनवर आलेल्या बिलांतून मिळाले. पथ्य एक: तुलना त्याच ऋतूतल्या महिन्यांची करायची. नाहीतर भाजीचा हंगाम आणि पंख्याचा वापरच महागाई म्हणून दिसतो.

निकाल असा आला. एकूण वाढ २०.५ भाग. त्यातले ९.२ निव्वळ भाववाढीचे: किराणा ३, भाडे २.५, शाळेची फी १, प्रवास ०.८, वीज-इंधन ०.६, औषधे ०.५, किरकोळ ०.५, फोन ०.३. नव्या किंवा वाढलेल्या वापराचे ५.८: मुलीची शिकवणी १.५, किराण्यातली तयार पाकिटे आणि नासाडी १.५, शिकवणीच्या फेऱ्या १.२, जास्तीची वीज ०.९, करमणुकीची सदस्यत्वे ०.७. नव्या फोनचा हप्ता १.८, धुलाई यंत्राचा २.२. आणि व्याज १.५.

यातून जे दिसले त्याने पुढचे सगळे ठरले. फक्त भाव वाढले असते तर खर्च ९५ अधिक ९.२, म्हणजे १०४.२ झाला असता. उत्पन्न १०४ होते. महागाईने या घराची सगळी बचत खाल्ली, पण कर्ज महागाईने केले नव्हते. ते हप्त्यांतून, नव्या बांधिलक्यांतून आणि त्यांच्या व्याजातून आले होते. याचा अर्थ या गोष्टी चैनीच्या होत्या असा नाही. धुलाई यंत्र पत्नींच्या पाठदुखीमुळे घेतले होते आणि त्याने शिवणकामाला वेळ मिळत होता. पण प्रत्येक गोष्ट घेताना ‘महिन्याला एवढेसेच तर आहेत’ असा विचार झाला, आणि त्याच दीड वर्षात खालची जमीन भाववाढीने खचत होती.

समोरचे पर्याय

कार्डाचे कर्ज फेडण्यासाठी वैयक्तिक कर्ज घेता येत होते. महिना सव्वा टक्क्याने ५० भागांचे दोन वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता २.४ भाग आणि एकूण व्याज सुमारे ८ भाग पडत होते. कार्डापेक्षा हे कितीतरी स्वस्त, पण आधीच ९ भागांचे हप्ते असलेल्या घरात आणखी एक हप्ता येणार होता.

दुसरा मार्ग मुदत ठेव मोडण्याचा. पतींचा याला ठाम विरोध होता: ‘अडीअडचणीचे पैसे आहेत ते.’ आकडा बाजूला मांडल्यावर चर्चा बदलली. ठेवीतल्या ५० भागांवर महिन्याला सुमारे पाव भाग व्याज मिळत होते. कार्डावरच्या ५० भागांवर दीड भाग जात होता. ठेव जपण्याची किंमत महिन्याला सव्वा भाग होती. ठेवीवर कर्ज काढण्याचाही विचार झाला. त्याचा दर ठेवीच्या दराहून थोडाच वर असतो आणि ठेव डोळ्यांसमोर राहते, पण तेही कर्जच. मुदतीआधी मोडल्यास व्याजदर किंचित कमी मिळणार होता. तो तोटा एका महिन्याच्या कार्डव्याजाहून कमी होता.

तिसरा पर्याय लांबच्या, स्वस्त घरात जाण्याचा. भाडे ५ भागांनी कमी झाले असते, प्रवास २.५ ने वाढला असता. निव्वळ फायदा २.५. सामान हलवणे, दलाली आणि किरकोळ दुरुस्तीचा खर्च १२ भाग. म्हणजे पाच महिन्यांत पैसे वसूल होऊन पुढे फायदाच होता. निव्वळ आकड्यांवर हा पर्याय चांगला होता, हे मान्य करायला हवे. तो बाजूला पडला तो मुलीच्या परीक्षेच्या वर्षामुळे, आजींच्या डॉक्टरांमुळे आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांमुळे. घर हलले असते तर शिवणकामाचे २२ भाग धोक्यात होते.

चौथा पर्याय उत्पन्नाचा. शिवणकामाचे दर तीन वर्षांत बदलले नव्हते. दोरा, अस्तर, बटणे महागली होती आणि ती वाढ पत्नी स्वतःच सोसत होत्या. घरात येणारी प्रत्येक वस्तू महाग होत असताना घरातून बाहेर जाणारे काम मात्र जुन्या भावात जात होते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

ठरलेले आणि केलेले

बैठकीला मुलगी आणि आजीही होत्या. सुरुवात ‘हात न लावण्याच्या’ यादीने झाली: आजींची औषधे, विमा, शाळेची फी, मुलांचे दूध आणि फळे, आणि प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला थोडी रक्कम, जिचा हिशेब कुणी विचारायचा नाही. शेवटच्या मुद्द्यावर मतभेद झाले. तरी तो ठेवला, आणि ते योग्यच झाले. हिशेबाचा जाच वाटू लागला की माणसे खर्च लपवतात, आणि लपवलेला खर्च कागदावर कधीच येत नाही.

कर्ज. त्याच आठवड्यात ठेव मोडली, ५० भाग कार्डात भरले, २० राखीव ठेवले. कार्ड बंद केले नाही, पण खरेदीच्या अ‍ॅपमधून त्याची नोंद काढली आणि फक्त वीज व फोनची बिले त्यावर ठेवली. पूर्ण रक्कम देय तारखेला खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला दिली. थकबाकी फेडून कार्ड खुले ठेवणारी बरीच घरे वर्षभरात पुन्हा त्याच आकड्यावर येतात, म्हणून ही पायरी फेडण्याइतकीच महत्त्वाची होती.

फोनचा हप्ता एकदम फेडावा का, हा प्रश्न इथेच आला. सात हप्ते बाकी, म्हणजे १२.६ भाग, आणि त्यावर व्याज नव्हते. हप्ता गेल्याचे समाधान मिळाले असते, पण २० ची राखीव रक्कम ७.४ वर आली असती. सात महिन्यांनंतरची शिल्लक दोन्ही बाजूंनी सारखीच निघत होती. मधल्या काळात हातात रोख असणे जास्त मोलाचे, म्हणून हप्ते चालू ठेवले. व्याज असते तर उत्तर वेगळे आले असते.

किराणा. लक्ष्य ३१.५ वरून २९.५. पैसे आठवड्याने वेगळे काढायचे ठरले. इथे नेहमीची चूक म्हणजे महिन्याच्या रकमेचे चार भाग करणे. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी काहीच राहत नाही. महिना सरासरी ४.३५ आठवड्यांचा असतो. त्या हिशेबाने आठवड्याला ६.८ भाग निघाले.

दोन आठवडे फ्रिजच्या दारावर एक कागद लावला: काय टाकून दिले, किती, का. कारणे दोनच निघाली. घरात काय आहे ते न पाहता केलेली खरेदी, आणि पालेभाजी एकदम जास्त आणणे. यादी करण्याआधी फ्रिज आणि डबे उघडून पाहणे, पालेभाजी आठवड्यातून दोनदा थोडी आणणे, नवे धान्य जुन्याच्या खाली ओतणे. बचतीचा अर्धा हिस्सा एवढ्यातूनच आला. बाकीचा आला तो पाकिटावरच्या किमतीऐवजी किलोचा किंवा लिटरचा भाव पाहण्यातून. किलोचे पाकीट त्याच किमतीत ९०० ग्रॅमचे झाले तर भाव ११ टक्क्यांनी वाढला, जरी दुकानात काहीच बदललेले दिसत नाही. मोठे पाकीट स्वस्त असते तेही संपेपर्यंत टिकले तरच. तेल आणि साबण मोठ्या मापात घेतले. पीठ नाही, कारण ओलसर दिवसांत त्यात किडे होत होते.

वीज. पहिल्या प्रयत्नात सगळे लक्ष दिव्यांवर गेले होते. ९ वॉटचा दिवा रोज पाच तास लागला तर महिन्याला १.३५ युनिट होतात. २००० वॉटच्या पाणी तापवण्याच्या यंत्राची कॉइल रोज अर्धा तास जास्त चालली तर महिन्याला ३० युनिट. एका आंघोळीचे १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.४४ युनिट लागते. पाच जणांना २.२. पण सकाळी यंत्र लावण्याआधी आणि बंद केल्यावर मीटर वाचला तेव्हा चारच्या आसपास युनिट गेलेले निघाले. कारण यंत्र अडीच तास चालू राहत असे, टाकीतले पाणी निवून पुन्हा तापत असे आणि शेवटी तापलेले पाणी तसेच पडून राहत असे. आंघोळी लागोपाठ ठेवल्या, शेवटच्या माणसाआधी बटण बंद करायचे ठरले.

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावले, तर ती अलगद निघून येत होती. दाराचे रबर सैल होते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसून फरक पडला नाही म्हणून ते बदलले. कडधान्ये रात्री भिजवणे आणि प्रेशर कुकरचा वापर याने इंधन वाचले. सगळे मिळून ०.८ भाग. बऱ्याच ठिकाणी वीजदर टप्प्यांनी चढतो; तिथे वाचलेले युनिट सर्वांत महाग टप्प्यातले असते, त्यामुळे सरासरी दराने काढलेल्या अंदाजापेक्षा फायदा जास्त होतो.

शिकवणी आणि प्रवास. दोन विषयांपैकी एका विषयाची शिकवणी आपल्याला नको आहे, हे मुलीने स्वतः सांगितले. तिला आधी कुणी विचारलेच नव्हते. फीचे ०.७ वाचले, फेऱ्या घटल्याने आणि दुसऱ्या विषयासाठी दोन घरांनी आळीपाळीने मुलांना सोडायचे ठरवल्याने प्रवासात १ भाग.

सदस्यत्वे. आपोआप नूतनीकरण होणारी चार निघाली. दोन महिने न वापरलेली बंद केली. ०.७.

औषधे. डॉक्टरांना विचारून त्याच घटकाची, त्याच मात्रेची, कमी किमतीची गोळी लिहून घेतली. ०.४. हा बदल दुकानात परस्पर करायचा नसतो.

शिवणकामाचा दर. पत्नींनी प्रत्येक प्रकारच्या कामाचा दोरा, अस्तर आणि वेळ लिहून काढला. १५ टक्के वाढ ठरली. तीन आठवडे आधी सांगितले, घेतलेले काम जुन्याच दराने दिले, अस्तराचे पैसे वेगळे लावले. सुमारे ५ टक्के काम गेले. २२ चे २४ झाले.

भाडे. करार संपण्याच्या दोन महिने आधी घरमालकांशी बोलणे केले. त्यांना पुन्हा अडीच भाग वाढ हवी होती. दोन वर्षांच्या कराराच्या बदल्यात एका भागावर तडजोड झाली. रिकाम्या घराचा एक महिना आणि नव्या भाडेकरूचा शोध मालकालाही महाग पडतो, म्हणून असे बोलणे वेळेआधी करण्यात अर्थ असतो. शेवटच्या आठवड्यात केले तर त्यात जोर राहत नाही.

निष्पत्ती

खर्चातून ७.१ भाग कमी झाले (त्यातले दीड व्याजाचे), उत्पन्न २ ने वाढले. ११.५ ची तूट २.४ वर आली. संपली नाही. ती हप्ते संपेपर्यंत राखीव रकमेतून भागवायची होती, आणि हाच वर्षातला सर्वांत अवघड भाग ठरला.

पहिल्या तीन महिन्यांत बदल रुळेपर्यंत सरासरी तूट ४.५ राहिली. त्याच काळात वापरात नसलेले दुसरे शिलाई यंत्र आणि एक पलंग विकून ८ भाग आले. तिसऱ्या महिन्याअखेर राखीव रक्कम १४.५ होती. सातव्या महिन्यात फोनचा हप्ता संपला तेव्हा ती ४.९ वर होती. अकराव्या महिन्याअखेर, धुलाई यंत्राचा शेवटचा हप्ता गेल्यावर, २.५. त्या महिन्यात मोठे आजारपण आले असते तर कार्ड पुन्हा वापरावे लागले असते. बाराव्या महिन्यात प्रथमच १.६ भाग शिल्लक पडले आणि राखीव रक्कम ४.१ झाली. वर्षभरातली पुढची भाववाढ आणि भाड्यातला एक भाग पगारवाढीने जेमतेम भरून निघाला, म्हणून या हिशेबात ती दोन्ही धरलेली नाहीत. कार्डावर बाकी शून्य आहे. आजींच्या गोळ्यांचे पाकीट दर रविवारी मुलगी तपासते.

काय वेगळे करता आले असते

ठेव मोडणे बरोबर होते, पण ती सहा महिने आधी मोडायला हवी होती. तेव्हा थकबाकी अर्धीही नव्हती आणि राखीव रक्कम कितीतरी मोठी राहिली असती. कार्डाची बाकी सलग दुसऱ्या महिन्यात पुढे गेली की घरात बसून बोलायचे, एवढा एक नियम असता तरी पुरले असते.

शिवणकामाचा दर दरवर्षी थोडा वाढवला असता तर एकदम १५ टक्के सांगायची वेळ आली नसती आणि गेलेले काम कदाचित गेले नसते. पडून असलेल्या वस्तू तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबून विकल्या. पहिल्याच आठवड्यात विकल्या असत्या तर पहिले दोन महिने इतके धाकधुकीचे गेले नसते. दुचाकीच्या कर्जाचा हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का, हे बँकेला विचारलेच गेले नाही. त्यात एकूण व्याज वाढते, तरी चौथ्या ते अकराव्या महिन्यांच्या अरुंद वाटेवर एक भाग कमी होणे मोठे होते.

आणि बैठक. दीड वर्ष पती आकडे एकटे पाहत होते आणि पत्नी कपात एकट्या करत होत्या. ज्याच्याकडे आकडे होते त्याला स्वयंपाकघरात काय वाया जाते ते माहीत नव्हते. ज्यांना ते माहीत होते त्यांना व्याजाचा दर माहीत नव्हता. शिकवणी नको असलेली मुलगी आणि गोळ्या कमी करणाऱ्या आजी, दोघींचीही माहिती घरातच होती. या प्रकरणात सर्वांत उशिरा झालेली आणि सर्वांत स्वस्त गोष्ट तीच होती.

पुढे

दुचाकीच्या कर्जाचे अजून सात हप्ते आहेत. ते संपल्यावर मोकळ्या होणाऱ्या पाच भागांचे काय करायचे हे आत्ताच लिहून ठेवले आहे: तीन राखीव रकमेत, दोन मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेत दिलेली आहे. राखीव रक्कम साठ भागांवर पोचेपर्यंत नवा हप्ता घ्यायचा नाही असेही ठरले आहे. मुलीच्या प्रवेशाचा खर्च त्याआधी आला तर यातले काय मोडायचे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही. पुढची बैठक त्याच विषयावर आहे.